शस्त्रक्रियेनंतर जनावरांचे दुखणे : कोणता उपाय किती उपयोगी?

(पशुपालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



जनावराची शस्त्रक्रिया म्हटली की आपण तीन गोष्टी विचारतो. खर्च किती येईल, जनावर वाचेल का आणि कामाला किंवा दुधाला कधी लागेल. शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला किती दुखेल आणि त्या दुखण्यावर काय द्यायचे, हा प्रश्न फार थोडे पशुपालक विचारतात. खरे म्हणजे पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या चौथ्या प्रश्नावर अवलंबून असतात. म्हणून आजचा वेळ मी त्यासाठीच घेणार आहे.

गाय, म्हैस, शेळी ही सगळी शिकार होणाऱ्या वंशातली जनावरे. कळपात जे लंगडते, कण्हते, तेच वाघाच्या तोंडी पडते. त्यामुळे दुखणे लपविणे हा त्यांचा स्वभावच झाला आहे. कुत्र्याच्या पायावर पाय पडला तर तो केकाटतो. म्हशीचे पोट फाडून शिवले तरी ती मुकाट उभी राहते, आणि आपण म्हणतो, "बघा, काही वाटलंसुद्धा नाही." वाटलेले असते, फक्त ते ओरडून सांगितलेले नसते.

मग ओळखायचे कसे? डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गायीचे दुखणे मोजण्याची एक पद्धत मांडली. तिला यंत्र लागत नाही, निरीक्षण पुरते. गायीचे आजूबाजूला लक्ष आहे का, मान पाठीच्या रेषेच्या खाली गेली आहे का, कान मागे वळलेले किंवा लोंबलेले आहेत का, डोळ्यांभोवती व नाकपुड्यांवर ताण दिसतो का, जवळ गेल्यावर ती कशी वागते आणि पाठीला कमान आली आहे का, हे पाहायचे. यात आपल्याकडच्या अनुभवी माणसाची भर घाला : रवंथ थांबणे, दात खाणे, पोटाकडे लाथ मारणे, कळपापासून दूर उभे राहणे, बसताना-उठताना कण्हणे. ज्याने रोज दावणीला जाऊन जनावर पाहिले आहे, त्याला यातला फरक डॉक्टरच्याही आधी कळतो. डॉक्टर दहा मिनिटे येतो, तुम्ही दिवसभर असता.

"दुखले म्हणजे जनावर शांत बसते"

ही समजूत अनेक ठिकाणी ऐकू येते. दुखणे गेले तर जनावर उड्या मारील, टाके तुटतील, म्हणून थोडे दुखलेलेच बरे. पूर्वी काही पशुवैद्यकसुद्धा असेच म्हणत. या म्हणण्यात हाड जोडण्याच्या शस्त्रक्रियेपुरते थोडे तथ्य आहे. परंतु हालचाल थांबवायची असेल तर त्यासाठी आखूड दावे, मऊ बसण्याची जागा व एकटा बांधण्याची सोय आहे. दुखण्याला दावे म्हणून वापरण्याची गरज नाही.

आणि दुखण्याची किंमत काय ते पाहा. दुखणारे जनावर चारा खात नाही, पाणी कमी पिते. रवंथ करणाऱ्या जनावराचे कोटीपोट हा एक चालता कारखाना आहे. त्यातले जिवाणू चाऱ्यावर जगतात आणि जनावर त्या जिवाणूंवर जगते. चारा दोन दिवस थांबला की तो कारखाना मंदावतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. दुधाळ गायीत याच वेळी शरीरातील चरबी जळून रक्तात कीटोन वाढतात, दूध उतरते. दुखण्याच्या ताणामुळे कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक वाढते आणि ते जास्त काळ वाढलेले राहिले तर रोगप्रतिकारशक्ती व जखम भरणे दोन्ही मंदावतात. जनावर सारखे बसून राहिले तर त्याच अंगावर भार पडून स्नायू व नसा दबतात. कोटीपोट उघडून काढलेला खिळा हातात घेऊन घरी गेलेला मालक आठवड्याने "गाय उठत नाही" म्हणून परत येतो, तेव्हा शस्त्रक्रिया चुकलेली असतेच असे नाही. पुष्कळदा पहिल्या तीन दिवसांतच गाडी रुळावरून उतरलेली असते.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि चालू असताना

पूर्वी क्लोरल हायड्रेट पाण्यात कालवून पाजत. जनावर गुंगत असे, पण गुंगणे आणि न दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी गावठी दारू पाजण्याची चाल होती, ती तर अजूनही पूर्णपणे गेलेली नाही. नळीने किंवा बाटलीने जबरदस्तीने पाजलेला द्रव श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊन जनावर दगावते. हा प्रकार कोणी करू नये.

आज सर्वांत जास्त वापरले जाणारे गुंगीचे औषध म्हणजे झायलाझीन. त्याचा शोध १९६२ साली जर्मनीत लागला. घोड्याला जेवढे लागते त्याच्या सुमारे एक दशांश मात्रा गायीला पुरते, एवढे हे रवंथ करणाऱ्या जनावरांना जबरदस्त लागू पडते. लोक समजतात की टोचले, जनावर झोपले, आता दुखणार नाही. तसे नाही. गुंगी तासभर किंवा अधिक टिकते, पण दुखणे कमी करण्याचा त्याचा परिणाम साधारण १५ ते ३० मिनिटांतच ओसरतो. शिवाय याने कोटीपोटाची हालचाल थांबते, पोट फुगते, तोंडातून लाळ व पोटातले पाणी उलट येते. गाभण जनावरात शेवटच्या महिन्यांत ते गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून जनावर गाभण असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. शस्त्रक्रियेच्या आधी किती तास उपाशी ठेवायचे हे ते सांगतील, ते काटेकोरपणे पाळा. "एवढा वेळ उपाशी कसं ठेवायचं" म्हणून रात्री गुपचूप वैरण टाकणारी माणसे आमच्या चांगल्या परिचयाची आहेत!

खरी भूल म्हणजे जागेवरची भूल. त्यासाठी लिग्नोकेन वापरतात. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये ते तयार केले. ते मज्जातंतूतून जाणारा संदेशच अडवते. कुशीत चीर घेऊन कोटीपोट उघडायचे असेल तर पाठीच्या कण्यातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या बरगडीजवळच्या व कमरेच्या पहिल्या दोन-तीन मज्जातंतूंशी औषध सोडतात. मग संपूर्ण कूस बधिर होते आणि गाय उभी असतानाच शस्त्रक्रिया करता येते. दुसरी पद्धत म्हणजे चिरेच्या वर व पुढे उलट्या 'एल' अक्षरासारख्या रेषेत टोचणे. ती करायला सोपी आहे, पण औषध जास्त लागते आणि पोटाचा आतला पडदा नीट बधिर होत नाही. मला विचाराल तर, हात बसलेला डॉक्टर असेल तर कण्याजवळची पद्धत उजवी.

मायांग बाहेर आले असता शेपटीच्या बुडाशी, मणक्यांच्या फटीत भूल देतात. यामुळे जनावराचे कुंथणे थांबते आणि मायांग आत बसवणे सोपे जाते. मात्रा जास्त झाली तर मागचे पाय लुळे पडून जनावर खाली बसते, म्हणून हे काम अनुभवी हातांचेच.

शिंगाच्या कर्करोगात शिंग मुळापासून काढावे लागते. हा रोग आपल्या देशी बैलांमध्ये वयाच्या मध्यावर, ऐन कामाच्या काळात दिसतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे बूड यांच्यामध्ये कपाळाच्या हाडाच्या कडेखालून शिंगाचा मज्जातंतू जातो, तेथे भूल देतात व शिवाय शिंगाच्या बुडाभोवती कडे करून टोचतात.

एक इशारा शेळीपालकांसाठी. शेळीला लिग्नोकेन फार जपून द्यावे लागते. दर किलो वजनास साधारण ५ मिलीग्रॅमच्या वर गेले की झटके येण्याचा धोका वाढतो. ३ किलोच्या करडाला १५ मिलीग्रॅम, म्हणजे नेहमीच्या २ टक्के औषधाचा पाऊण मिलीलीटरच झाला. गायीचे इंजेक्शन पाहून शिकलेला माणूस करडाला सहज त्याच्या तिप्पट टोचून बसतो.

लिग्नोकेनचा परिणाम साधारण एक ते दीड तास टिकतो. बुपिव्हाकेन नावाचे दुसरे औषध त्याहून बराच जास्त वेळ टिकते, पण ते महाग आहे आणि चुकून शिरेत गेले तर हृदयाला घातक. म्हणून सर्वसाधारण दवाखान्यात लिग्नोकेनच असते. म्हणजे डॉक्टरची मोटारसायकल गावाबाहेर पडता पडता भुलीचा असर संपत असतो, आणि खरे दुखणे तेव्हा सुरू होते.

भूल उतरल्यावर काय?

या प्रश्नावर न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठात १९९० च्या दशकात वासरांवर महत्त्वाचे काम झाले. वासरांची शिंगे काढली आणि रक्तातील कॉर्टिसोल तासातासाने मोजले. काहीही न देता शिंगे काढलेल्या वासरांत ते लगेच उसळले आणि कित्येक तास चढेच राहिले. नुसती जागेवरची भूल दिलेल्या वासरांत सुरुवातीला शांत होते, पण भूल उतरताच तेही चढले. म्हणजे दुखणे टळले नाही, फक्त पुढे ढकलले गेले. ज्या वासरांना जागेवरची भूल आणि त्याबरोबर सूज-वेदना कमी करणारे औषध, अशी दोन्ही दिली होती, त्यांच्यात ही वाढ जवळपास दिसलीच नाही. मला वाटते, आजच्या विषयाचा सगळा सार या एका प्रयोगात आहे. त्या प्रयोगात वापरलेले केटोप्रोफेन मात्र आपल्याकडे आता जनावरांना देता येत नाही. का, ते पुढे येईल.

सूज-वेदना कमी करणारी ही औषधे शरीरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रोखतात. ॲस्पिरिन याच मार्गाने काम करते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. त्यांना १९८२ चे नोबेल मिळाले. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ही द्रव्ये चीर पडल्याबरोबर तयार होऊ लागतात, म्हणून औषध शस्त्रक्रियेच्या आधी दिलेले जास्त गुणकारी. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. डॉक्टर आल्यावर "आधीच एक दुखण्याचं इंजेक्शन द्याल का?" एवढे विचारायला हरकत नाही.

आता औषधांची तुलना. मेलॉक्झिकॅम हे मला सर्वांत सोयीचे वाटते. गायीच्या शरीरात ते हळूहळू उतरते. दुधाळ गायीत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १७ तास लागतात, कालवडीत सुमारे २६ तास. म्हणून एका इंजेक्शनचा उपयोग दिवसभर तरी नक्की होतो. आंतरराष्ट्रीय शिफारस दर किलो वजनास ०.५ मिलीग्रॅमची आहे. ४०० किलोच्या गायीला २०० मिलीग्रॅम. येथे गोंधळ होतो तो बाटल्यांमुळे. एका बाटलीत दर मिलीलीटरला ५ मिलीग्रॅम असते, तर दुसरीत २०. पहिलीचे ४० मिलीलीटर आणि दुसरीचे १० मिलीलीटर सारखेच. "मागच्या वेळी दहा दिले होते" म्हणून पहिल्या बाटलीतले दहा दिले तर गायीला चौथा हिस्सा मिळाला, आणि मग आपण म्हणतो औषधात दम नाही. मेलॉक्झिकॅमच्या मोठ्या गोळ्याही मिळतात आणि तोंडावाटे दिलेले हे औषध रवंथ करणाऱ्या जनावरांत चांगले शोषले जाते. रोज डॉक्टर येणे शक्य नसलेल्या वाडी-वस्तीवर त्या उपयोगी पडतात, मात्र त्यांच्या सल्ल्यानेच.

फ्लुनिक्झिन लवकर काम करते, आतड्याच्या दुखण्यात व जंतुविषाच्या तापात त्याचा गुण चांगला येतो. पण ते शिरेतूनच द्यावे लागते, स्नायूत टोचल्यास तेथील मांस खराब होते. असर कमी वेळ टिकतो, रोज द्यावे लागते. विण्याच्या वेळी दिल्यास वार अडकण्याचा धोका वाढतो, म्हणून सिझेरियननंतर मी ते टाळतो. टोल्फेनॅमिक ॲसिड हाही चांगला पर्याय आहे. ट्रॅमाडॉल, बुटॉर्फेनॉल यांसारखी औषधे मोठ्या चिकित्सालयांपुरती राहतात. गायी-म्हशींत त्यांचा असर थोडा वेळ टिकतो आणि ती हाताळण्यावर निर्बंध आहेत.

डेक्सामेथाझोन हे या गटातले नाही, ते स्टिरॉइड आहे. सूज झटक्यात उतरते, जनावर ताजेतवाने दिसते, म्हणून गावोगाव त्याची मागणी फार. पण ते जखम भरणे मंदावते, रोगप्रतिकारशक्ती दाबते, दूध कमी करते आणि उशिराच्या गाभणपणात गर्भपात घडवते. ताज्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी म्हणून ते मागू नका. वर सांगितलेल्या औषधांबरोबर तर मुळीच नको, दोन्ही मिळून चौथ्या पोटात व्रण पाडतात. ही औषधे चालू असताना जनावर पाणी पिते की नाही हे पाहा. शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाला इजा होते. डॉक्टर आधी सलाईन लावा म्हणतात ते यासाठीच.

शेकाबद्दल नेहमी विचारतात. पहिले दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या, जखमेवर पाणी न जाऊ देता. गरम शेक नंतर, आणि तोही टाक्यांपासून दूरच्या सुजेवर. डाग देण्याविषयी एवढेच सांगतो की जळाल्याचे दुखणे जुन्या दुखण्यात मिळवले तर बेरीज होते, वजाबाकी नाही.

खच्चीकरण आणि वासरांची शिंगे

आपल्या गोठ्यात सर्वांत जास्त वेळा होणाऱ्या शस्त्रक्रिया या दोन. मुसळाने बडवण्याची जुनी रीत आता मागे पडली, त्या जागी बर्डीझोचा चिमटा आला. त्यात रक्त येत नाही, म्हणून दुखत नाही असे लोक मानतात. बीजवाहिनी, रक्तवाहिन्या व मज्जातंतू चिरडले जातात, दुखणार कसे नाही? बीजरज्जूत थोडे लिग्नोकेन सोडून पाच-दहा मिनिटे थांबले आणि सोबत मेलॉक्झिकॅम दिले तर गोऱ्हा दुसऱ्या दिवशी नीट चरतो. खोंड जाणता होईपर्यंत थांबण्यापेक्षा हे काम लहान वयात उरकलेले बरे. शिंगकळ्या जाळण्याचेही तसेच. दोन-तीन आठवड्यांच्या वासरात कळी अजून कवटीच्या हाडाला घट्ट जोडलेली नसते. उशीर केला तर कळी जाळणे राहत नाही, शिंग कापणेच होते.

गिधाडे आणि आपली बाटली

आता बंदीविषयी. १९९० च्या दशकात आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून उघड झाले. डायक्लोफेनॅक टोचल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होऊन ते काही दिवसांत मरते. २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक भारतात बंद करण्यात आले. मग माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलीलीटरच्या एकाच मात्रेच्या कुपीपुरते मर्यादित केले गेले. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली, त्यानंतर निमेसुलाइडही. फ्लुनिक्झिनचा गिधाडांना अपाय होत असल्याचे स्पेनमध्ये दिसले आहे. मेलॉक्झिकॅम व टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन गिधाडांना सुरक्षित ठरलेली आहेत.

बैल वाचविताना गिधाडांचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. गिधाडे गेल्यावर गावाबाहेर टाकलेली जनावरे कुजू लागली, मोकाट कुत्री वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती शेवटी आपल्याच मुलांना. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी राखली आहेत, तेथील माणसे हे आपल्यापेक्षा चांगले सांगतील. आणि येथे त्याग करण्यासारखे काही नाही. मेलॉक्झिकॅम गुणात डायक्लोफेनॅकपेक्षा कमी नाही, उलट गायीत जास्त वेळ टिकते. औषधाच्या दुकानातून घरी आणलेली कुपी उघडण्याआधी तिच्यावरील नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

घरी पहिले पाच दिवस

कोणते औषध, किती, किती वाजता दिले हे गोठ्यातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर आला तरी त्याला कळते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्याचे औषध साधारण तीन दिवस लागते. पहिल्या इंजेक्शनने गाय उभी राहिली म्हणून दुसरे चुकवू नये, ती उभी राहिली ती त्या इंजेक्शनमुळेच. सकाळ-संध्याकाळ रवंथ पाहावा, गुदद्वारातून ताप मोजावा. गायीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. दोन दिवस बरे असलेले जनावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाठ वाकवू लागले, ताप १०३ च्या वर गेला, टाक्यांजवळ गरम सूज किंवा घाण वास आला, तर जास्त दुखणेनाशक देत बसू नका. ते पू झाल्याचे लक्षण असते. डॉक्टरांना बोलवा.

शेवटी दुधाविषयी, कारण हा प्रश्न उठणारच. औषधाचा अंश दुधात उतरतो. मेलॉक्झिकॅमसाठी युरोपात शेवटच्या मात्रेनंतर ५ दिवस दूध विक्रीस बंद ठेवण्याचा नियम आहे. प्रतिजैविकांचा काळ त्याहून वेगळा असतो. शस्त्रक्रियेनंतर सहसा दोन्ही दिलेली असतात, तेव्हा ज्याचा काळ जास्त तो धरावा आणि डॉक्टरांकडून तो आकडा त्याच दिवशी लिहून घ्यावा. ते दूध डेअरीत घालू नये, घरात लहान मुलांना देऊ नये.